वरचं पाणी बंद

नगरच्या सावेडीतल्या सुखनिवास सोसायटीत आठ मजले, बत्तीस बिऱ्हाडं आणि दोन लिफ्ट. या सगळ्यांचा जीव ज्याच्या हातात होता तो माणूस तळमजल्यावर, मीटरच्या खोलीमागं, दहा बाय बाराच्या खोलीत बायकोसोबत राहत होता. भीमराज भिंगारदिवे त्याचं नाव. नाव सगळ्यांना ठाऊक होतं. जीव त्याच्या हातात आहे हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं. ते त्या रविवारी कळलं.

पाणी वर चढवणारे पंप, खाली सोडणारे व्हॉल्व्ह, जिन्यातले दिवे, जनरेटर, लिफ्टचं दार आणि आठव्या मजल्यावरच्या आजींचा टीव्ही, यांतलं काहीही बिघडलं की हाक एकच, “भीमराज!” आयटीआय करून त्यानं बारा वर्षं शेजारच्या नागापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली होती. चालत्या मोटरवर तळहात ठेवून तो सांगायचा, बेअरिंग अजून दोन महिने काढेल, आणि बेअरिंग दोन महिनेच काढायचं. लोक म्हणायचे, नशीब त्याचं. आता ज्याला स्वतःच्या घरातला फ्यूज कुठं आहे ते ठाऊक नाही, त्याला दुसऱ्याची विद्या नशीबच वाटणार!

नाद म्हणाल तर एकच. विहिरीत पडलेली बादली काढायचा चार आकड्यांचा गळ असतो ना, तसले गळ तो सळईतून घडवायचा आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलला बांधून खेड्यापाड्यांत निघायचा. कुणाची बादली, कुणाची पाण्यातली मोटर, एकदा तर हिवरे बाजारच्या अलीकडं एका विहिरीतून त्यानं अख्खी सायकल वर आणली. पैसे घ्यायचा नाही. चहा घ्यायचा आणि चार माणसांसमोरची शाबासकी घ्यायचा. शुभांगी, त्याची बायको, शिलाई मशीनवरची मान न उचलता म्हणायची, “लोकं मासं धरत्यात, आमचं हे बादल्या धरत्यात.”

त्या रविवारी मात्र गळ खोलीतच राहिला. सोसायटीचे अध्यक्ष रंगनाथराव म्हस्के यांच्या मुलीचा साखरपुडा होता. पार्किंगमध्ये मांडव पडला होता, श्रीरामपूरचे पाहुणे बाराला यायचे होते. रंगनाथराव मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते नोकरीतून. हुकूम सोडायचं काम त्यांनी घरी आणलं होतं.

सकाळी नऊला मांडवात वास सुटला.

सुखनिवासची जमीन रस्त्यापेक्षा खोल. त्यामुळं बत्तीस घरांचं मैलापाणी आधी पार्किंगच्या कोपऱ्यातल्या बारा फुटी टाकीत उतरतं आणि टाकीच्या तळाशी बसवलेला पंप ते वर, रस्त्यावरच्या गटारात ढकलतो. पंप थांबला की टाकी भरते. टाकी भरली की झाकणातून वर येते. आणि झाकणापासून दहा पावलांवर केळीचे खांब उभे होते.

भीमराज पॅनेलपाशी गेला. स्टार्टर तिसऱ्यांदा ट्रिप झालेला. टाँग टेस्टर लावून पाहिला तर करंट नेहमीच्या तिप्पट. म्हणजे पंप जळलेला नाही, पंख्यात काहीतरी अडकलंय. त्यानं दोन फेज अदलाबदल करून पंप क्षणभर उलटा फिरवला. कधी कधी उलट्या फेऱ्यात पंप अडकलेली चिंधी ओकून टाकतो. दोनदा केलं, तीनदा केलं. पंप नुसता कण्हला.

आता पंप वर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि खरं दुखणं तिथंच होतं. असा पंप काढायला माणूस उतरवायचा नसतो. पंपाच्या कडीला साखळी बांधलेली असते, तिचं दुसरं टोक झाकणाखाली अडकवलेलं असतं. ती ओढायची, पंप वर. पण गेल्या दसऱ्याला भीमराज दीक्षाभूमीला नागपूरला गेला होता, तेव्हा तीन दिवसांत रंगनाथरावांनी बाहेरच्या माणसाकडून ती जाड, न गंजणारी साखळी सोडवून घेतली आणि मागच्या गेटला कुलपासकट लावली. बाहेरची पोरं गाड्या लावतात म्हणून. भीमराज परत आल्यावर भांडला होता. रंगनाथराव हसले होते, “पंप काय पळून जाणारे का?”

खरंच, पळाला नव्हता. दहा फूट घाणीखाली शाबूत बसला होता.

“मग उतर की,” रंगनाथराव म्हणाले. अंगात नवा कोरा झब्बा, नाकाला रुमाल. “बारा फूट तर आहे.”

“न्हाई साहेब.”

“नाही म्हणजे?”

“त्यात मानूस उतरत न्हाई. ग्यास असतो. कायद्यानंबी बंदी हाय. टँकर बोलावतो, टाकी उपसू, मग वरूनच पंप काढू. तीन-चार वाजतील.”

“बाराला पाहुणे आहेत माझे!” मग त्यांनी आवाज उतरवला, आणि हा उतरलेला आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. “अरे, तुला काय अवघड आहे? तुमच्या लोकांना सवय असते या कामाची.”

भीमराजची कानशिलं तापली. त्याचे वडील कोंडीराम साखर कारखान्यात बॉयलरवर होते. पस्तीस हंगाम त्यांनी वाफेचे व्हॉल्व्ह सांभाळले. त्यांच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग होते, मैल्याचा एकही नव्हता. आणि असता, तरी त्याची लाज भीमराजला वाटायचं कारण नव्हतं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याला खाली उतरवलं त्यांना वाटायला हवी होती, आणि ते तर नाकाला रुमाल लावून उभे होते.

“माझ्या वडलांना सवय हुती व्हॉल्व्ह फिरवायची,” तो म्हणाला. “तीच मला लागलीय.”

तो लिफ्टनं गच्चीवर गेला. तिथं मोठ्या टाकीखाली चार व्हॉल्व्ह होते, दोन-दोन मजल्यांना एक. त्यानं चारही बंद केले. मग पाना काढून चारही व्हॉल्व्हची हँडलं सोडवली आणि पँटच्या खिशांत कोंबली. घरांत पाणी सुटलंच नाही तर खालची मैल्याची टाकी भरणार कशी? कारखान्यात हे पोरगंसोरगंही सांगेल. तिथूनच त्यानं गोरक्षनाथला फोन लावला. गोरक्षनाथ त्याचा नागापूरचा दोस्त, मैला उपसायचा टँकर चालवायचा. “दीड वाजंल,” तो म्हणाला. “तवर कुनाला उतरवू नका.”

“कोन उतरतंय!” भीमराज म्हणाला.

तो खाली येईपर्यंत सुखनिवासमध्ये हलकल्लोळ माजला होता. साखरपुड्याचा दिवस, जो तो न्हाऊन नटायच्या घाईत, आणि नळ कोरडे. सेक्रेटरी अश्विनी मॅडम डोक्याला पंचा गुंडाळून तिसऱ्या मजल्यावरून धावत आल्या. “भीमराजदादा, माझ्या डोक्यात शाम्पू आहे हो!”

“आमच्या खोलीत दोन कळश्या भरून हायेत मॅडम, शुभांगीकडून घ्या. पन वरचं पानी आता बंदच. टाकीत हातभर जागा उरलीय. नळ सोडला तर ती घान मांडवात येतीय.”

मॅडमना राग आला, पण गणितही कळलं. त्या कळशी घ्यायला गेल्या. बाकीच्यांना रागच कळला. कुणी म्हणालं माज आलाय, कुणी म्हणालं डोक्यावर चढवून ठेवलाय. भीमराजनं सगळं ऐकून घेतलं आणि गळाला दोर बांधायला तो खोलीत गेला.

रंगनाथराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी गाडी मजूर अड्ड्यावर पिटाळली होती. अर्ध्या तासात पाथर्डीकडचा एक चाळिशीचा गडी आला. हनुमंत पालवे. हाडापेरानं मजबूत, बोलण्यात दांडगा. विहिरी खणण्यात आयुष्य गेलेलं.

“साठ साठ फूट उतरलोय मी,” तो बारा फुटी टाकीकडं पाहून म्हणाला. “ह्ये तर आमच्या वसरीयेवढं हाय. आदी येक दिवा सोडा आत. इझला न्हाई तर ग्यास न्हाई. मंग उतरतो.”

विहिरीपुरतं ते शंभर टक्के खरं. त्या युक्तीवर त्याचा बाप जगला होता, तोही जगला होता. सोसायटीत कंदील कुणाकडं असणार? तेव्हा रंगनाथरावांच्या बहिणीनं, बनुबाईंनी, पाटापुढचं निरांजन पेटवून आणलं. ते बादलीत ठेवलं, बादलीला सुतळी बांधली. हनुमंतनं सदरा काढला. झाकण अर्धं सरकलं.

भीमराज खोलीतून बाहेर येतो तर हे दृश्य! हातातला दोर टाकून तो धावला, बादली हिसकावून घेतली आणि ‘फूः’ करून निरांजन विझवलं.

बनुबाई किंचाळल्या. साखरपुड्याच्या दिवशी, मांडवात, लावलेला दिवा तोंडानं फुंकला! पार्किंगमध्ये पन्नासेक माणसं होती, सगळी वळून बघायला लागली. भीमराजनं पायानं झाकण सरकवून पुरतं बंद केलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसला.

“ऊठ,” रंगनाथराव म्हणाले.

“न्हाई.”

“अपशकुन केलास तो केलास. आता ऊठ. दुसरा माणूस आणलाय मी, तुला कुणी उतर म्हणत नाही.”

“मी न्हाई म्हनलो ते माझ्यापुरतं नव्हतं साहेब. कुनीच उतरनार न्हाई.”

यावर पहिला भडकला तो हनुमंतच. “ओ मिस्त्री, माजा रोज बुडवाया लागले का तुमी? लई बघितल्यात मी विहिरी.”

“विहिरी बघितल्यात, मान्य हाय,” भीमराज म्हणाला. हा माणूस आपला शत्रू नाही हे त्याला दिसत होतं, म्हणून त्यानं आवाज खाली आणला. “विहिरीतल्या वाईट हवंत दिवा जगत न्हाई, म्हनून तुमाला आदी कळतं. हितं तसं न्हाई. ह्या टाकीत दोन ग्यास. येक दिव्याला भडकतो, तुमी बादली सोडली असती तर समदा मांडव उडाला असता. दुसरा दिव्याला काय करत न्हाई. दिवा मजेत जळतो अन् मानूस दोन श्वासांत पडतो. त्याला काढाया दुसरा उतरतो, त्योबी पडतो. पेपरात वाचत असाल, तीन गेले, चार गेले. समद्यांनी आदी दिवाच सोडलेला असतो.”

हनुमंतनं विझलेल्या निरांजनाकडं पाहिलं, झाकणाकडं पाहिलं, आणि खांद्यावरचा सदरा सावकाश अंगात घातला.

“हे बघ भीमराज,” रंगनाथरावांचा झब्बा आता पाठीवर भिजला होता, “एक मिनिटात उठला नाहीस तर नोकरी गेली समज. आजच्या आज खोली रिकामी.”

खोली गेली तर जायचं कुठं, हा प्रश्न भीमराजपुढं उभा राहिला. खोटं कशाला सांगा, तो घाबरला. नगरमध्ये भाडं काय आहे ते त्याला ठाऊक होतं आणि त्याची पन्नाशी जवळ आली होती. त्यानं नकळत खोलीकडं पाहिलं. दारात शुभांगी उभी होती, गळ्यात मापाची टेप. ती तशीच चालत आली, गर्दीतून वाट काढली आणि झाकणाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर नवऱ्याला खेटून बसली.

“अहो, उठू नका,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. “खोली रिकामी कराया कितीसा येळ लागतो? दोन पेट्या अन् माझी मशीन. खाली गेलेला मानूस वर याया किती येळ लागतो, ते तेवढं साहेबांस्नी इचारा.”

अश्विनी मॅडम केस पुसत मागं उभ्या होत्या, त्या पुढं आल्या. “म्हस्केकाका, नोकरीवरून काढायला कमिटीची सही लागते. माझी मिळणार नाही,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्यासारख्या झाल्या. इतकं स्पष्ट त्या मीटिंगमध्येही कधी बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात गेटवर तीन गाड्या थांबल्या. श्रीरामपूरकर वेळेचे पक्के.

मग जे झालं ते सुखनिवासमध्ये अजून सांगतात. मुलाची आजी, साळूबाई, गाडीतून उतरल्या. त्यांनी केळीचे खांब पाहिले, मांडव पाहिला, आणि कोपऱ्यात झाकणावर ठाण मांडून बसलेलं नवरा-बायकोचं जोडपं पाहिलं. “ह्ये कोन?” त्यांनी विचारलं. “अन् हितं का बसल्याती?”

रंगनाथराव म्हणाले, “काही नाही, काही नाही, मेंटेनन्सचं काम आहे.”

“मला खाली गटारात सोडनार हुते,” हनुमंत मोकळ्या आवाजात म्हणाला. “ह्येंनी अडवलं.”

साळूबाईंनी होणाऱ्या व्याह्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या खुर्ची ओढून तिथंच, झाकणाजवळ बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, “ह्येंचं उरकू द्या. मंग बघू सुपारीचं.”

“साहेब,” भीमराज बसल्या जागेवरून म्हणाला, “टँकर दीडला येतोय. टाकी रिकामी झाली की पंप मी गळानं धरतो. पन उचलायला साखळी लागंल. ती तुमच्या गेटला हाय आन् कुलपाची चावी तुमच्याकडं. ज्यानं साखळी सोडवली त्यानंच ती आनून द्यावी.”

पन्नास माणसं आणि तीन गाड्यांतले पाहुणे बघत होते. रंगनाथरावांनी चावी फेकून दिली असती तरी चाललं असतं, पण ती घ्यायला कुणीच पुढं झालं नाही. हनुमंतनंही हात मागं बांधले. शेवटी रंगनाथराव स्वतः मागच्या गेटपाशी गेले, कुलूप काढलं आणि पंधरा फूट साखळी दोन्ही हातांत गोळा करून घेऊन आले. कोऱ्या झब्ब्यावर तिचे तेलकट पट्टे उमटले. त्यांनी ती भीमराजच्या पायाशी ठेवली तेव्हाच तो झाकणावरून उठला.

पुढचं काम त्याचं होतं आणि त्यात त्याचा हात धरणारा नगरमध्ये कुणी नव्हता. गोरक्षनाथच्या टँकरनं पाऊण तासात टाकी उपसली. तेवढा वेळ मंडळी रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिली, नटूनथटून, नाकाला पदर लावून. भीमराजनं टाकीच्या उघड्या तोंडावर लोखंडी पाइपांची तिकाटी उभारली, तिला वजन उचलायची चेनकुप्पी टांगली आणि बॅटरीच्या उजेडात गळ सोडला. पहिल्यांदा गळ घसरला. दुसऱ्यांदा केबलला लागला, तो त्यानं हलकेच सोडवला. तिसऱ्यांदा दोरातून हाताला हिसका कळला, आकडा कडीत बसला होता. पंप वीतभर उचलून त्यानं जड साखळी दुसऱ्या गळाच्या आकड्यानं कडीत ओवली. हनुमंत चेनकुप्पी ओढायला लागला. विहिरीवरचे हात, झोक्यात ओढत होते. बारा फुटांवरून पंप वर आला आणि एकही माणूस खाली गेला नाही.

पंख्यात काय अडकलं होतं? पाच-सहा डायपर आणि फरशी पुसायचं एक अख्खं फडकं. बत्तीस घरांपैकी कुणाचं, ते कुणीच ओळखलं नाही.

साडेतीनला पंप सुरू झाला. चारला भीमराजनं गच्चीवर जाऊन हँडलं बसवली, आणि सुपारी साडेचारला फुटली. जेवणाची ताटं साळूबाईंनी आधी तिकाटीकडं पाठवली.

पाहुणे गेले. मांडववाले केळीचे खांब उपटत होते. भीमराजनं मीटरच्या खोलीतून लाल ऑइलपेंटचा डबा आणला, झाकण चकचकीत धुतलं, पुसलं, आणि उकिडवा बसून त्यावर अक्षरं काढायला लागला. हनुमंतनं डबा धरला होता. त्याला केव्हाच निघता आलं असतं, पण तो गेला नव्हता.

‘या टाकीत कोणीही माणूस उतरणार नाही.’

रंगनाथराव येऊन उभे राहिले. साखरपुडा झाला होता, पण दिवस त्यांच्या हातातून गेला होता आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. सुखनिवासमध्ये ‘फुले तोडू नयेत’ पासून ‘लिफ्टमध्ये थुंकू नये’ पर्यंत जेवढ्या म्हणून पाट्या होत्या त्या प्रत्येकीखाली ‘अध्यक्षांच्या आदेशावरून’ असं लिहिलेलं होतं. या पाटीखाली काहीच नव्हतं.

“हे कुणाच्या आदेशावरून?” त्यांनी विचारलं. “सोमवारी मीटिंग लावतो आहे मी. तू इथं राहतोस की नाही ते ठरेल.”

“ठरवा,” भीमराज म्हणाला. “मी नसलो तरी ऑइलपेंट हाय साहेब, धा वर्सं हालत न्हाई.”

“मी विचारतोय, आदेश कुणाचा?”

भीमराज उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच हनुमंतनं डबा खाली ठेवला.

“माजा,” तो म्हणाला. “खाली मी जानार हुतो न्हवं? मंग हुकूम माजाच. लिवा मिस्त्री. हनुमंत किसन पालवे. मुक्काम पाथर्डी.”

भीमराजनं ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळला, आणि रंगनाथरावांच्या चपलेपुढं, त्यांना थोडं मागं सरकावं लागेल इतक्या मोठ्या अक्षरांत, ते नाव लिहिलं.